चार बोटं माती

माझी आई बाबांना आयुष्यात कधी 'नाही' म्हणाली नाही. आणि जे तिला पटलं नाही, ते तिने कधी होऊही दिलं नाही. बाबांनी काही ठरवलं की हातातलं काम न थांबवता ती म्हणायची, "तुमी म्हंता तसाच." हे शब्द ऐकले की आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो. बाबा म्हणताहेत ते आता काही होत नाही, हे आम्हाला कळून चुकायचं. बाबांना मात्र ते कळत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते.

एकदा म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत बाबांना एक बैल भारी आवडला. पांढराशुभ्र, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांचा पट्टा. विकणारा त्याची पाठ थोपटत होता आणि बाबांचा हात नकळत त्या पाठीवर गेला होता. आई म्हणाली, "लय देखना हाय. तुमी म्हंता तसाच. घेऊनच टाका." मग बैलवाल्याकडे वळून म्हणाली, "दादा, त्या हौदापाशी चिखल झालाय ना, तितून एकदा चालव बरा त्याला." बैल चिखलाच्या काठापर्यंत आला, पुढचा पाय उचलला आणि तसाच उभा राहिला. जणू नव्या नवरीला शेणात पाय ठेवायला सांगितलं होतं. दोनदा ओढला, तिसऱ्यांदा शेपूट पिरगाळलं, बैल हलेना. बाबांनी बैलाकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "मना काय हा बैल पसंत नाय." आई म्हणाली, "तुमी म्हंता तसाच." घरी येताना बाबा आम्हाला बैलाची पारख कशी करावी ते समजावून सांगत होते आणि आई डोक्यावरची टोपली सावरत ऐकत होती.

आमचं गाव किन्हवलीपासून आत, शहापूर तालुक्यात. आईचं माहेर मुरबाडकडे, टोकावड्याच्या बाजूला. तिचं नाव अनसूया. अंगाने बारकी, उंची बेताची, आणि हात मात्र एखाद्या मोठ्या माणसाचे आणून लावल्यासारखे. ती सोळाव्या वर्षी या घरात आली आणि तेव्हापासून भाताच्या खाचरांत उभी राहिली ती जवळजवळ शेवटपर्यंत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मी वाचावं, यासाठी तिने जे केलं ते आमच्या गावात तेव्हा दुसऱ्या कुणी केलं नाही. लावणीच्या दिवसांत माझ्या वयाच्या मुली शाळा सोडून चिखलात असायच्या. मलाही ती शेतावर न्यायची, पण बांधावर बसवायची. वर पळसाच्या पानांचं इरलं टाकायची, म्हणजे पावसात पुस्तक भिजू नये. आणि म्हणायची, "वाच मोठ्यानं. आमाला पन आयकू दे."

मी भूगोलाचा धडा वाचायचे. गुडघाभर पाण्यात ओणव्या झालेल्या सातआठ बाया रोपं लावत मागे मागे सरकायच्या. एकदा वाळवंटाचा धडा होता. तिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, हे वाक्य मी वाचलं तेव्हा वरून धार लागली होती. एक बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, "मंग बरा हाय की! तितल्या बायांना काय कामच नसंल."

"पानी आनायला कोन जाता मंग?" आई मान वर न करता म्हणाली. "काम कुटं चुकला गो? पाऊस पडला तरी आपल्याला, नाय पडला तरी आपल्याला."

सगळ्या हसल्या. मी पुढे शिक्षिका झाले, शहापूरला पंचवीस वर्षं भूगोल शिकवला. वाळवंटाच्या धड्याला आईचं ते वाक्य मी दर वर्षी वर्गात सांगितलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर आई कळणार नाही. माझे बाबा चांगले होते. दारू नाही, बायकोवर हात नाही, कुणाचं वाईट चिंतणं नाही. गावात त्यांना गोविंदतात्या म्हणत. कुणाच्या भावाभावांत वाटणीवरून बिनसलं, कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली, की लोक तात्यांना बोलवायचे. तात्या मध्ये बसले की भांडण पोलिसांपर्यंत जात नसे. पण या माणसाला एक खोड होती. आमच्या वरच्या खाचराला लागून त्यांच्या चुलतभावाचं, धर्माकाकांचं, खाचर होतं. आजोबांच्या वाटणीत झऱ्याकडचं ते खाचर धाकट्या घराला गेलं होतं. ही गोष्ट बाबांच्या मनातून कधी गेली नाही. मग दर वर्षी लावणीच्या तोंडावर बांध साफ करताना ते मधला बांध आपल्या बाजूने चार बोटं कोरायचे. फावड्याने, सरळ रेषेत, अगदी निगुतीने. "झरा त्यांना गेला," ते एकदा स्वतःशीच पुटपुटल्याचं मी ऐकलं होतं, "चार बोटां माती त आमाला येऊ दे."

भातशेती ज्यांनी पाहिली नाही त्यांना चार बोटं म्हणजे काहीच वाटणार नाही. पण बांध असा दर वर्षी एका बाजूने कोरला की पातळ होतो, पाणी धरत नाही. मग शेजारी आपल्या बाजूने त्याला चिखल लावतो, आणि बांध हळूहळू शेजाऱ्याच्या शेतात चालत जातो. आमच्याकडे दोन घरांत पिढ्यान् पिढ्या बोलणं नसलं, तर निम्म्या वेळा त्याच्या मुळाशी असा चालत गेलेला बांध असतो.

मी अकरावीत असताना धर्माकाका सर्पदंशाने गेले. मागे पारूकाकी आणि दोन वर्षांचा मधू. आईला वाटलं होतं की आता तरी बाबा थांबतील. त्या वर्षीच्या लावणीला मी बांधावर होते. बाबा सकाळी आले, फावडं घेतलं आणि चार बोटं कोरली. कोरून झाल्यावर नांगर घेऊन खालच्या खाचरात गेले. मला त्यांची इतकी लाज वाटली की मी पुस्तक मिटलं. उद्या ज्यांच्या दारात विधवा बाई न्याय मागायला येईल, त्यांनीच तिचा बांध कोरावा!

बाबा दिसेनासे झाल्यावर आई त्या बांधापाशी गेली. तिने आमच्याच खाचरातला घट्ट चिखल दोन्ही हातांनी उचलला आणि कोरलेल्या जागी थापायला सुरुवात केली. बांधाला चिखल लिंपणं हे आमच्याकडे बायकांचं काम. खेकड्यांची बिळं बुजावीत, पाणी झिरपू नये म्हणून ते करावंच लागतं. पण ती नुसतं लिंपत नव्हती. एका टोकाला गवतात बुडालेला हद्दीचा दगड होता, दुसऱ्या टोकाला ऐनाचं झाड. ती मधूनच एक डोळा बारीक करून दगडाकडून झाडाकडे बघायची आणि पुन्हा चिखल चढवायची. एक बोट, दोन बोटं, तीन, चार. वरून गवताची ढेपळं दाबून बसवायची. भिंत सारवावी तसा सगळा बांध तिने हाताने गुळगुळीत केला.

"आये, हे काय करतेस?"

"खेकडे लय झालेत गो."

"खेकडे नाहीत. मी बघितलं बाबांनी काय केलं ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. हात कोपरापर्यंत चिखलात. "कदीपासून बगतेस?"

"तू कधीपासून लिंपतेस?"

"पयल्या वर्सापासून. नवी नवरी होते." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "कोनाला बोलू नको, सुमे."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि सत्य बोलणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे असं मला वाटत होतं. मी म्हणाले, तू बाबांना सांगत का नाहीस? मी पारूकाकीला सांगते. लोकांना कळू दे तात्या कसे आहेत ते.

ती बांधावर माझ्याशेजारी येऊन बसली. तशी ती भर कामात कधी बसायची नाही. "सांगून आयकला आसता त पयल्याच वर्सी सांगितला आसता," ती म्हणाली. "मी बोलले की ते हट्टाला पेटनार. मंग चार बोटांची वीतभर होईल. नि लोकांना कळला की उद्या त्यांच्यापाशी कोन यील? त्यांचा सगळा जीव त्याच्यात हाय, लोकांनी बोलवन्यात. नवऱ्याला उगडा पाडला, त बायकोचा लुगडा कुटं पुरनार गो?"

"पण ते चूक करतात."

"करतात ना. म्हनून त लिंपते." मग थोडं थांबून म्हणाली, "मानूस चांगला हाय. चार बोटांची खोट हाय. चार बोटांची कोनात नसते?"

तिचं हे म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. पुरुषाची चूक बाईने पदराखाली घालायची आणि त्याने मात्र गावात न्याय करत फिरायचं, हे लिहितानाही माझा हात अडतो. पण मी बोलले नाही. माझं लग्न झालं, मी शहापूरला गेले. पावसाळ्यात माहेरी आले की आधी त्या बांधाकडे नजर जायची. बाबा कोरत होते. आई लिंपत होती. बाबांना दर वर्षी वाटायचं, आपण भावकीकडून चार बोटं घेतली. आणि दर वर्षी ते कोरून काढत होते तो आईने आदल्या पावसात लावलेला चिखल. लिंपण्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. ते बायकांचं काम होतं.

बांधावर आई तूर लावायची. शेंगा आल्या की अर्ध्या पारूकाकीकडे जायच्या. एका पावसाळ्यात बाबांचा पाय मोडला तेव्हा तिने स्वतः नांगर धरला. बाईने नांगर धरू नये म्हणून म्हाताऱ्या कुजबुजल्या. आई म्हणाली, "नांगराला काय ठावं, कोनाचा हात हाय?" त्या वर्षी बांध कोरायला कुणी नव्हतं. आईने मला सांगितलं, "औंदा कंबरेला जरा आराम हाय." तीच काय ती तिने केलेली तक्रार.

पुढे मधू मोठा झाला, कारखान्यात लागला, भोवती मित्र जमले. मित्रांपैकी कुणीतरी त्याला सांगितलं, तुझा चुलता बांध कोरतो, आम्ही लहानपणी बघितलंय. मधूने तालुक्याला जाऊन मोजणीचा अर्ज केला. आमच्या घरी नोटीस आली. मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी होते. बाबांनी नोटीस मला वाचायला लावली. दोनदा वाचायला लावली. त्यानंतर आठवडाभर ते नीट जेवले नाहीत. ओटीवर बसून राहायचे. कुणी न्यायाला बोलवायला आलं तर "अंगात कनकन हाय" म्हणायचे. दरसाल चार बोटं, आणि तीस वर्षांहून जास्त वर्षं. हिशोब त्यांनाही येत होता. मोजणी झाली की बांध पाच-सहा हात सरकलेला निघणार, आणि तो सगळ्या गावासमोर निघणार.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "आता तरी सांग त्यांना. किती घाबरलेत बघ."

"घाबरू दे थोडा," ती भाकरी थापत म्हणाली. "माझ्या हातांनी पन सोसलाय."

मोजणीच्या दिवशी निम्मा गाव जमला होता. मोजणीवाल्याने तिकाटण्यावर यंत्र लावलं, नकाशा उलगडला. मधू छाती काढून उभा. पारूकाकी डोक्यावर पदर घेऊन लांब, ऐनाच्या सावलीत. बाबा आमच्या खाचरात खाली मान घालून उभे होते. आई त्यांच्यामागे दोन पावलांवर होती. बराच वेळ इकडून तिकडे खुणा झाल्या. शेवटी मोजणीवाला म्हणाला, "बांध हद्दीवरच आहे. फरक म्हणावा असा काही नाही."

मधूचा चेहरा उतरला. तो येऊन बाबांच्या पाया पडला. "तात्या, माफ करा. लोकांचा आयकला मी." बाबांनी त्याला उठवलं नाही. ते बांधाकडे बघत होते. मग ते वळले आणि आईच्या हातांकडे बघत राहिले. आई दुसरीकडे बघत होती.

त्या संध्याकाळी ओटीवर दोघंच होती. मी आत दाणे निवडत होते. मग बाबांचा आवाज आला, "खेकडे लय झाले होते काय गो त्या बांधात?"

"लय," आई म्हणाली.

"अजून हायेत?"

"हायेत की. पन आता म्हातारे झालेत ते खेकडे. त्यांचीपन कंबर दुखते."

त्या पावसाळ्यापासून बाबांनी त्या बांधाला फावडं लावलं नाही. दोघांत या विषयावर पुन्हा कधी बोलणं झाल्याचं मला माहीत नाही.

आई या माघात गेली. वालाच्या शेंगा तोडून आली आणि ओटीवर बसली ती उठली नाही. शहापूरच्या दवाखान्यात तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पारूला शेंगा दिल्या का?" मी दिल्या म्हटलं. दिल्या नव्हत्या. तेवढं खोटं मीही बोलले.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी, निम्मा गाव. पिंड मांडले आणि कावळा काही केल्या शिवेना. समोरच्या झाडावर दोन बसले होते, खाली येत नव्हते. जो तो पुढे होऊन हात जोडून आईला काही ना काही कबूल करत होता. धाकटा भाऊ म्हणाला, म्हाताऱ्याला सांभाळू. मी म्हणाले, घर एकत्र ठेवू. कुणी म्हणालं, गुरं विकणार नाही. कावळे जागचे हलेनात. तेव्हा बाबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी हात जोडले नाहीत. ते पिंडाकडे बघत नव्हतेच, ते आमच्या सगळ्यांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "धर्माचा बांध मी कोरत होतो. येवडी वर्सां. नि ही लिंपत होती. मोजनीला जो बांध बरोबर निगाला, तो हिचा होता. माझा नवता."

नदीवर कुणी हललं नाही. भाऊ खाली बघायला लागला. मग बायकांच्या घोळक्यातून पारूकाकी पुढे आली. ती बाबांसमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती.

"मना ठावं होता, तात्या," ती म्हणाली. "पयल्यापासून ठावं होता. पलीकडून दिसता ना सगळा. मी बांधाआड बसून बगायचे अनसूयाबायला चिखल चढवताना. वाटायचा, जावा नि हात लावावा. पन तिला कळला आसता की मना कळलाय, त तिची कंबर मोडली आसती. म्हनून मी गप बसले." तिचा आवाज चढला. "नि तुमी आज चार मानसांत सांगून मोकळे झालात? तिनं जलमभर जे झाकला, ते तुमी येका वाक्यात उगडा केलात? जरा इचार तरी करायचा तात्या, तिला काय वाटंल!"

बाबा खाली बसले, नदीच्या वाळूत, आणि रडले. आई गेल्यावर ते तोवर रडले नव्हते. कावळा शेवटपर्यंत आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर बाबा घराबाहेर पडेनासे झाले. आपल्याला आता कुणी बोलवणार नाही, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. ओटीवरची खुर्चीही त्यांनी आत घेतली. दीडेक महिन्याने मी रविवारची माहेरी आले होते, तेव्हा गावातले दोन चुलतभाऊ भांडत भांडत दारात आले. बांधावरूनच भांडण होतं. एकजण म्हणाला, "तात्या, चला. तुमीच बगा आता."

बाबांनी मान वर केली. "मना बोलावता रे? मी काय बोललो ते आयकला ना नदीवर?"

"आयकला म्हनून त आलो," दुसरा म्हणाला. "बांध कसा कोरतात ते गावात तुमच्यापेक्षा जास्ती कोनाला ठावं?"

पहिल्याला हसू आवरलं नाही. क्षणभर बाबांच्या चेहऱ्यावर काय येणार ते कळेना. मग त्यांनी काठी मागितली. मी बरोबर गेले. उन्हाळ्याचे दिवस, खाचरं भेगाळलेली. दोघे भाऊ बांधाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून एकाच वेळी बोलायला लागले. बाबांनी हाताने गप्प केलं.

"पावसात ह्या बांधाला चिखल कोन लावता?" त्यांनी विचारलं.

"चिखल?" दोघेही गोंधळले. "बाया लावतात. त्यांचा काय संबंद?"

"बोलवा त्यांना."

"तात्या, भांडन आमचा हाय—"

"तुमाला काय इचारू?" बाबा म्हणाले आणि काठी टेकून बांधावर बसले. "तुमाला दोघांना बांध कुटं हाय तेच ठावं नाय. जा, बोलवा."

एकजण घराकडे गेला. बऱ्याच वेळाने दोन्ही जावा आल्या, एकमेकींपासून अंतर ठेवून, हात पदराला पुसत. बाबा सरकले आणि त्यांना बसायला बांधावर जागा करून दिली.